न घासलेली गाळणी

परीक्षा संपली की आमच्या गल्लीतले आवाज कमी होत जातात. आधी पत्र्याच्या पेट्या जिन्यावरून खाली येतानाचा दणदणाट, मग रिक्षावाल्याशी घासाघीस. कुणाची तरी आई गावाकडून न्यायला आलेली असते. ती कॉटखाली वाकून बघते, काही राहिलं तर नाही ना. राहिलेलं असतंच. एखादी बादली, पट्टा तुटलेली चप्पल, भिंतीला चिकटवलेला मूलद्रव्यांचा मोठा तक्ता. "येते मावशी," असं म्हणून पोरी जातात. जाताना त्या डोळ्यांत पाणी आणतात आणि ते खोटं नसतं. परत येऊ असं त्यांना त्या घडीला खरंच वाटत असतं.

मग वैशाखाचं ऊन गल्लीत एकटंच उभं राहतं. दुपारी भिंती तापून त्यांचा वास येतो. डब्यांची थप्पी कोपऱ्यात पालथी पडते. सकाळी चहाला माझा हात आपोआप मोठ्या पातेल्याकडे जातो आणि तिथून परत येतो.

लातुरात येऊन क्लासच्या पोरींना रांधून घालण्यात माझं आयुष्य गेलं. खाली माझी चूल, वर पोरींच्या खोल्या. वर्षामागून वर्ष पोरी आल्या, काळजीनं बारीक झाल्या, पास झाल्या, नापास झाल्या, गेल्या. आता मोठमोठी होस्टेलं झाली आहेत, तिथं जेवणही आतच मिळतं, त्यामुळे माझ्याकडे थोड्याच येतात. मुखेडहून माझा भाऊ फोन करतो, "आता कुनासाठी भाकरी थापून राहिलीस, बाई? ये की हिकडं." मी हं म्हणते. भावाचं घर चांगलं आहे, वहिनीही चांगली आहे. पण तिथं मी पाहुणी होते, आणि पाहुण्या बाईला स्वयंपाकघरात कुठं उभं राहावं ते समजत नाही.

यंदा मी वरची एक खोली झाडून ठेवली आहे. गादीची खोळ धुतली. कॉटखाली गवत पसरून आंब्यांची अढी घातली आहे, म्हणजे पद्मा येईपर्यंत आंबे तयार होतील. पद्मा येईन म्हणाली आहे. आठ दिवस राहीन, रस खाईन आणि झोपेन म्हणाली आहे. पण येणं तिच्या हातात नाही. ते एका जाळीच्या हातात आहे.

पद्मा देगलूरकडच्या एका खेड्यातली. डॉक्टर व्हायचं म्हणून बापानं तिला इथं क्लासला घातली होती. माझ्यासारखीच मुखदुर्बळ. जेवायला बसली की ताटाकडं बघून जेवायची, भाजी पाहिजे असली तरी वाटी नुसती थोडी पुढं सरकवायची. मी वाढायचे. आम्हा दोघींचं बोलणं बरेच दिवस त्या वाटीवरच चाललं.

ज्या साली लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्याची आठवण मला दर वैशाखात येते. त्या साली लोक रिकाम्या घागरींना साखळी लावून कुलूप घालायचे. टँकरचा आवाज गल्लीच्या तोंडाशी आला की म्हाताऱ्यासुद्धा पळायच्या. बोअरमधून पाण्याच्या जागी फुसकारा यायचा. मी भांडी राखेनं कोरडीच घासायचे आणि फडक्यानं पुसून ठेवायचे. राखेनं भांडं लख्ख निघतं. त्या उन्हाळ्यात माझी भांडी जशी चमकली तशी कधी चमकली नाहीत. पोटात पाणी नसलेल्या घरात भांडी तेवढी आरशासारखी. बघून बरंही वाटायचं आणि कसंतरीही.

परीक्षा झाली तशा पोरी पाण्याच्या धाकानं भराभर निघून गेल्या. पद्मा गेली नाही.

"गावाकडं न्हाई जायचं?" मी विचारलं.

"जाते नंतर."

"घरचे वाट बघत असतील की."

"तेच तर," ती म्हणाली.

मला कळलं. पेपर बिघडला होता. देगलूरच्या बसमधून उतरल्यावर घरापर्यंतच्या रस्त्यात भेटेल तो एकच गोष्ट विचारणार होता. दोघी दिवसभर खालच्या खोलीत बसायचो. फरशी गार असायची. तिच्या हातात पुस्तक, माझ्या हातात निवडायचे तांदूळ. दुसरं माणूस घरात आहे एवढं पुरायचं मला, बोललंच पाहिजे असं नव्हतं. इतक्या वर्षांत घर भरलेलं असूनही असं कुणी माझ्याजवळ बसलेलं नव्हतं.

एका दुपारी ती म्हणाली, "मावशी, तुझ्या चहाच्या गाळण्या देतीस?"

"कशाला?"

"देतीस का न्हाई ते सांग."

माझ्याकडे स्टीलच्या दोन होत्या, दिल्या. मग तिनं पेलाभर पाणी मागितलं, तेव्हा मात्र माझा हात थांबला. तिनं ते बघितलं.

"प्यायचं नको गं. तांदूळ धुतल्यालं सुदिक चालंल."

मी साधंच दिलं. तिनं त्यात धुण्याचा सोडा विरघळवला. मोबाइलच्या पिन तुटलेल्या चार्जरची वायर दातांनी सोलली, एकेक तार एकेका गाळणीच्या दांड्याला गुंडाळली आणि गाळण्या एकमेकींना लागू न देता पाण्यात सोडल्या. बटण दाबलं. थोडा वेळ काहीच नाही. मग दोन्ही गाळण्यांवर बारीक बारीक बुडबुडे धरले आणि वर निघाले. एकीवर जास्त, एकीवर कमी.

"कान लाव," ती म्हणाली.

आम्ही दोघींनी पेल्याला कान लावले. चुर्र असा बारीक आवाज येत होता. लांब कुणाच्या तरी घरी बाई भाकरीला पाणी फिरवते आहे आणि तव्यावर थेंब पडताहेत, तसा.

जास्त बुडबुडे होते तिकडचा वायू तिनं औषधाच्या पालथ्या बाटलीत धरला आणि बाटलीच्या तोंडाशी काडी नेली. टुप्प झालं. मी मागे सरकले. तेवढ्यात शेजारच्या नसीमभाभी दारात आल्या. त्या गल्लीत कुठंही आवाज झाला की येतातच.

"क्या फोडे गे?"

"पानी," मी म्हटलं. मला दुसरं सांगता येईना. "पाण्यातून जळनारा वायू काढलाय म्हने. हायड्रोजन."

भाभींनी कपाळावर हात मारला. "अल्ला! सारे लातूर कू पीने कू पानी नै, अन् मावशी की छोकरी पानी फोडती बैठी!"

पद्मा पहिल्यांदा मोठ्यानं हसली. "भाभी, जळला की त्याचं परत पाणीच होतं."

"तो जल्दी जला ना मां, घागर लाती मैं!"

ते सोड्याचं पाणी मी टाकलं नाही. त्यात चुलीपाशची फडकी बुचकळून काढली.

मग रोज दुपारी तेच. मला त्यातलं काही समजत नव्हतं, पण ते बुडबुडे बघायला आवडायचं. संध्याकाळी भांड्यांबरोबर मी गाळण्याही घासून ठेवायचे. एका गाळणीवर दिवसभरात काळपट तपकिरी थर धरायचा, चहाचा डाग धरतो तसा. राख घेऊन मी तो खसाखसा काढायचे. मला काळं भांडं बघवत नाही. दुसऱ्या दिवशी पद्मा बसायची आणि म्हणायची, "काल बरं चालत होतं, आज परत मंद झालं." वायर तपासायची, सोडा वाढवायची. असं बरेच दिवस चाललं. एका संध्याकाळी मी गाळणी घासते आहे आणि ती दारात येऊन उभी राहिली.

"मावशी, काय करायलीस?"

"घासायलेय. काळी झालीय बघ किती."

ती माझ्यासमोर उकिडवी बसली आणि माझ्या हातातली गाळणी काढून घेतली. रागावली नाही. अर्धी लख्ख, अर्धी काळी अशी ती गाळणी तिनं उजेडात धरली. "तूच व्हय," म्हणाली. "अगं, ती काळी झालेलीच बरी. तो काळा थरच काम करायलाय. कामानंच तयार होतो तो, अन् तू रोज काढून टाकतीस."

मला ओशाळल्यासारखं झालं. तिला मात्र काहीतरी सापडलं होतं. त्या रात्रीपासून ती गाळणी आमच्या घरात न घासता राहिली.

मला काळं का बघवत नाही, हे मी पद्माला सांगितलं नव्हतं. कुणालाच सांगत नाही. माझं सासर औशाकडच्या खेड्यात होतं. दगडमातीची जाड भिंतींची घरं, वर मातीचं माळवद. लग्नाला फार दिवस झाले नव्हते. गौरी-गणपतीला मी माहेरी मुखेडला आले होते, आणि गणपती बोळवले की न्यायला येतो म्हणून मालक सांगून गेले होते. गणपती गेले त्याच रात्री, पहाटेच्या सुमारास भूकंप झाला. भावानं मला बसनं नेलं. बस गावापर्यंत गेली नाही, आणि गावही गावाच्या जागी नव्हतं. लष्कराची माणसं दगड उपसत होती. मालक आणि सासूबाई, दोघांनाही मी बघितलं. त्याबद्दल लिहायचं नाही मला.

आमच्या घराच्या ढिगातून एक पितळेची परात निघाली. चपटी होऊन दुमडलेली, मातीनं काळी. कुणीतरी ती माझ्या मांडीवर आणून ठेवली. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं, म्हणून मी तिथंच मूठभर माती घेऊन ती घासायला लागले. भाऊ म्हणाला, "राहू दे गं." मी घासत राहिले. पुढं तांबटाकडून ठोकून सरळ करून घेतली. त्या परातीत मी आजही पीठ मळते. काठाला एक मोड राहिलेली आहे, ती अंगठ्याला लागते.

मग लातूर. एका मास्तरांच्या घरी स्वयंपाकाला लागले. हळूहळू गल्लोगल्ली क्लास निघाले, चौकाचौकात पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो लागायला लागले. नांदेड, हदगाव, उदगीर, कुठून कुठून एस्टीनं पोरं उतरायची. पोरींना घरचं जेवण पाहिजे होतं आणि मला काम. माझी शाळा चौथीत सुटली, आणि डॉक्टर-इंजिनेर व्हायला आलेल्या पोरींची मी मावशी झाले. बाई हिमतीची, असं लोक म्हणायचे. हिंमत कसली, हात रिकामे राहू नयेत एवढंच होतं.

निकाल लागला. पद्माला मेडिकल मिळालं नाही. तिचे वडील न्यायला आले. धोतर, टोपी, खांद्यावर पिशवी. ओट्यावर बसून त्यांनी चहा घेतला आणि बशीत बघत म्हणाले, "झालं आता. लई झालं शिक्षन." पद्मा आत गेली. मला वाटलं रडायला गेली. ती पेला, सोडा, चार्जर आणि गाळण्या घेऊन बाहेर आली आणि बापासमोर बसली. बाटलीला काडी लावली. टुप्प. त्यांच्या हातातली बशी हिंदकळली.

"काय गं हे? बॉम्ब करायलीस का काय?"

"नाना, मला हे शिकायचंय. नांदेडला कॉलेज हाय. बी.एस्सी. करते."

ते बराच वेळ बाटलीकडं बघत होते. मग म्हणाले, "परत कर बघू." तिनं परत केलं. या वेळी ते दचकले नाहीत, हसले. देगलूरच्या बसमध्ये बसताना पद्मानं काळी गाळणी माझ्या हातात दिली. "घासू नको हां. मी येते न्यायला."

ती खिळ्याला टांगली आहे. अजून न्यायची आहे.

नांदेडला असताना ती सणावाराला यायची. मग पुढचं शिकायला लांब गेली. आता एका मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत पाण्यापासून हायड्रोजन काढायच्या कामातच आहे. रविवारी फोन करते. तिनं मला समजावलं ते असं: सूर्याच्या विजेनं पाणी फोडायचं आणि तो वायू कोळसा-डिझेलच्या जागी जाळायचा, म्हणजे धूर नाही, मागे पाणीच. पण पाणी सहजासहजी फुटत नाही. त्याला फोडायला जो धातू लागतो तो सोन्यासारखा महाग. प्लॅटिनम आणि तसलेच. तो नुसता तिथं असावा लागतो, त्याच्या संगतीनं पाणी लवकर फुटतं. तो स्वतः वायू होत नाही, पाणीही होत नाही. पाणी येतं, वायू होऊन जातं, धातू असतो तिथंच राहतो.

"मग तो महागाचा धातू कमीत कमी लावायचा," ती म्हणाली. "खाली स्वस्तातली निकेलची जाळी घ्यायची, अन् वर नुसता नावापुरता द्यायचा."

"कल्हईसारखं?" मी म्हटलं. लहानपणी मुखेडच्या बाजारात कल्हईवाला बसायचा. भांडं भट्टीवर तापवायचा, कथलाची कांडी नुसती टेकवायचा आणि कापसाच्या बोळ्यानं एवढासा थेंब भांडंभर पसरवायचा.

"तसंच, मावशी. पर कल्हईपेक्षा लई पातळ. डोळ्याला दिसत सुदिक न्हाई."

"मंग टिकतं कसं?"

ती म्हणाली, "तेच तर. टिकत न्हाई."

ती किती वर्षं त्यात घालते आहे. जाळी करायची, पाण्यात सोडायची, वीज लावायची आणि दिवसरात्र चालू ठेवायची. आधी झकास चालते. मग तो नावापुरता धातू हळूहळू सुटून पाण्यात जातो आणि जाळी मंद होते. मग दुसरी. मी दर रविवारी विचारते, "तुझी जाळी कशी हाय?" जसं घरात कुणी आजारी असावं. "गेली," ती म्हणते. किंवा "हाय अजून."

एका दिवाळीच्या तोंडावर अशीच एक जाळी गेली, जिच्यावर तिची फार आशा होती. दुसऱ्या दिवशी ती न सांगता लातूरला आली. आली, जेवली, झोपली. उठून परत जेवली, परत झोपली. चेहरा असा, की भाभीसुद्धा काही न बोलता शेवयांच्या खिरीची वाटी ठेवून गेल्या. चार दिवस ती माझ्या घरात होती. मी अनारसे केले, तिच्या डोक्याला तेल लावलं, तिनं वाटी पुढं सरकवली की वाढलं. तिचं दुःख होतं आणि माझी दिवाळी होती. दोन्ही एकाच खोलीत होतं.

यंदाची जाळी होळीच्या सुमारास लावली. चालू असताना ती सोडून येता येत नाही. अधूनमधून बघावं लागतं, लिहून ठेवावं लागतं, आणि तिथं ते दुसरं कुणी करणारं नाही. "वैशाखापर्यंत काही चालायची न्हाई," ती म्हणाली होती. "गेली की मी येते, रस खायला."

म्हणजे जाळी गेली तर पद्मा येणार. जाळी राहिली तर येणार नाही.

देवापुढं दिवा लावते आणि बसून राहते. काय मागावं ते कळत नाही. जाळी टिकू दे म्हणायला तोंड उघडलं की वरची झाडून ठेवलेली खोली दिसते. पद्माला आण म्हणायला जावं, तर त्या दिवाळीतला तिचा चेहरा दिसतो. मी भाभींना सांगितलं. त्या वाळवणाच्या कुरडया उलटत होत्या. म्हणाल्या, "दोनो मांग लो. कौनसा देना उसका काम है, तुमारा क्या जाता?"

पण मला तसं मागता येत नाही. देवासमोर तरी मला माहीत पाहिजे की माझं मन कुणीकडं आहे.

दुपारी मी वर जाते. खोलीत अढीचा वास भरला आहे. गवतात हात घालून आंबे चाचपते. पहिल्यांदा घट्ट होते, मग देठाशी नरम झाले, आता बहुतेक तयार आहेत. एकदोन डागी निघाले ते बाजूला काढले. आंब्याला कुणाची वाट बघता येत नाही. खिडकीतून गल्ली दिसते. उन्हात एक कुत्रं सावली धरून झोपलेलं, आणि समोरच्या भिंतीवर क्लासची पाटी, पुढच्या वर्षाचे प्रवेश सुरू.

आज रविवार. फोन नेहमीपेक्षा लवकर आला.

"मावशी."

आवाजावरून मला कळेना. मी विचारलं, "जाळी कशी हाय?"

"हाय. अजून चालू हाय. मावशी, आमच्याकडं इतकी कुनाचीच चालली न्हाई. सर म्हनले, थांबवायची न्हाई. पावसाळाभर चालवू म्हनले."

"बरं झालं," मी म्हटलं.

ते माझ्या तोंडून आधी निघालं. मी काय मागत होते ते मला त्याच्यानंतर कळलं.

ती हळूच म्हणाली, "मग मला येता नाही येनार गं."

"कळलं की मला."

"तू आंबे आनलेस का?"

"थोडे आनलेत. भाभी हायत, पोरं हायत त्यांची. संपतेत."

दोघी गप्प. आम्हाला फोनवरही गप्प बसायची सवय आहे. मग मी म्हटलं, "मला ऐकव की."

"काय?"

"जाळी. चुर्र वाजती ती."

"अगं, इथं पंप चालू हायत, पंखे हायत. नाही ऐकू यायचं."

"तरी."

तिच्या चालण्याचा आवाज आला, एक दार उघडल्याचा, आणि मग फोन कशाच्या तरी जवळ गेला. घुंऽऽ असा मोठा आवाज. बाकी काही नाही. मी डोळे मिटले आणि त्या आवाजाच्या खाली कुठं तव्यावरचे थेंब सापडतात का ते शोधत राहिले. गार फरशी आठवली, पेल्याला दोन्हीकडून लागलेले आमचे कान, तिचे केस माझ्या गालाला लागलेले.

"आलं का?" तिनं विचारलं.

"आलं," मी म्हटलं.

फोन ठेवून मी वर गेले आणि पिकलेले आंबे परातीत काढून खाली आणले. भाभींना भिंतीवरून हाक मारली, पोरांना घेऊन या म्हटलं. पाणी काढायला वळले तेव्हा खिळ्यावरची गाळणी समोर आली. बरेच दिवसांची धूळ बसली होती तिच्यावर. मी ती काढून हातात घेतली आणि फुंकर मारली. फडकं लावलं नाही.